लष्करी जनसंपर्क : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

छत्रपती संभाजीनगरच्या छावणीतून वाहनांचा ताफा नगर नाक्यावर आला की शहरात तर्कवितर्कांना ऊत येतो. त्यांचे निरसन ज्या जनसंपर्क अधिकाऱ्याने करावयाचे, त्याच्या अधिकारांविषयी जनतेत, आणि क्वचित खुद्द लष्करातही, जे समज रूढ आहेत, त्यांची रुजुवात करून घेणे इष्ट ठरेल.

गैरसमज : मौन म्हणजेच गोपनीयता.

वस्तुस्थिती : १८५७ च्या जूनमध्ये याच शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, हैदराबाद कंटिंजंट या निजामाच्या राज्यातील इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेच्या पहिल्या रिसाल्याने जो उठाव केला, त्याची कारणे खोल होती यात संशय नाही, तथापि दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढण्यास आपणांस कूच करावी लागणार, या वार्तेने शिपायांची मने आधीच पेटलेली असताना, तसा हेतू नसल्याचा वरिष्ठांचा खुलासा मागाहून आला आणि निष्फळ ठरला. पुढे पुण्याहून फौज आली व अनेकांना देहदंड झाला. मौनाने रिकामी ठेवलेली जागा अफवा बळकावते, म्हणून पहिले निवेदन त्रोटक असले तरी चालेल, परंतु ते विनाविलंब निघाले पाहिजे.

गैरसमज : लष्कराला माहितीचा अधिकार लागू नाही.

वस्तुस्थिती : २००५ च्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत गुप्तचर यंत्रणा आणि सीमा सुरक्षा दलासारख्या संस्था आहेत, भूदल तीत नाही. देशाच्या सुरक्षिततेस बाध आणणारी माहिती कलम ८(१)(अ) अन्वये नाकारता येते, परंतु १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याचे केवळ नाव घेऊन अर्ज दप्तरी दाखल करणे उचित नव्हे, कारण दोहोंत विसंगती असेल तेथे कलम २२ माहितीच्या कायद्यास वरचढ ठरवते. नकार देताना कलम आणि कारण नमूद करावे.

गैरसमज : चकमकीचे थेट प्रक्षेपण ही जनसेवाच होय.

वस्तुस्थिती : २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात जवानांच्या हालचाली दूरचित्रवाणीवर दिसत राहिल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या कसाब खटल्यातील निकालात या प्रक्षेपणावर कठोर ताशेरे ओढले. २०१५ मध्ये केबल दूरचित्रवाणी नियमांत दुरुस्ती होऊन दहशतवादविरोधी कारवाई संपेपर्यंत थेट प्रक्षेपणास मनाई झाली, व नियुक्त अधिकाऱ्याचे नियतकालिक निवेदन तेवढे ग्राह्य ठरले. या मनाईने अधिकाऱ्याची जबाबदारी हलकी होत नाही; पुढचे निवेदन किती वाजता मिळेल हे त्याने सांगावे आणि ती वेळ पाळावी.

गैरसमज : छावणीतील नळपट्टीपासून रस्त्यापर्यंत सर्व खुलासे जनसंपर्क अधिकाऱ्याने करावेत.

वस्तुस्थिती : छावणी परिषद ही २००६ च्या छावणी कायद्याखालील स्थानिक स्वराज्य संस्था आहे, अध्यक्षपद लष्करी अधिकाऱ्याकडे असले, तरी दैनंदिन कारभार मुख्य कार्यकारी अधिकारी पाहतो. अशा प्रश्नास परस्पर उत्तर न देता योग्य कचेरीकडे बोट दाखवावे.

गैरसमज : इंग्रजी प्रसिद्धिपत्रक निघाले की कर्तव्य संपले.

वस्तुस्थिती : १९०९ मध्ये ‘फौजी अखबार’ म्हणून निघालेले व १९५४ पासून ‘सैनिक समाचार’ या नावाने ओळखले जाणारे संरक्षण मंत्रालयाचे नियतकालिक मराठीसह तेरा भाषांत निघत आले आहे. मराठी वाचकापर्यंत निवेदन मराठीतच, आणि इंग्रजीच्या बरोबरीने, पोहोचले पाहिजे.

सारांश, दुर्घटनेनंतर स्थळ, वेळ व खात्री झालेली हकिकत तेवढी सांगावी, कारणांचे तर्क चौकशीवर सोपवावेत, आणि मृत जवानाचे नाव त्याच्या कुटुंबास कळण्यापूर्वी, वार्ताहरांनी कितीही तगादा लावला तरी, उच्चारू नये.