विश्लेषण : जुनी मोटार घेताना तिचा इतिहास कसा तपासावा? कायद्याचे संरक्षण कुठपर्यंत?

जुनी मोटार घेताना बहुतेक जण ओळखीच्या मेकॅनिकला सोबत नेतात. इंजिनाचा आवाज ऐकतात, चक्कर मारून पाहतात आणि भाव ठरवतात. मात्र गाडी नेमकी कोणाची आहे, तिच्यावर कोणाचे कर्ज आहे, तिच्या नावावर किती दंड थकला आहे, हे मेकॅनिकला बॉनेट उघडून कळत नाही. ते कागदांवरूनच कळते. आता ही बरीचशी माहिती मोबाइलवर मिळते. पैसे देण्यापूर्वी ती कशी पाहायची आणि फसवणूक झाल्यास कायदा काय देतो, याविषयी...

नाव बदलले नाही तर काय होते?

सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी दिलेला एक निकाल या संदर्भात महत्त्वाचा आहे. मूळ मालकाने २००७ मध्ये आपली मोटार विकली. ती पुढे एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेली. परंतु परिवहन कार्यालयाच्या दप्तरी नाव पहिल्याच मालकाचे राहिले. मे २००९ मध्ये या मोटारीचा अपघात झाला आणि त्यात एकाचा मृत्यू झाला. गाडी कधीच विकली होती, असे मूळ मालकाचे म्हणणे होते. तरीही भरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्याच्यावरच ठेवली. अपघातात सापडलेल्या कुटुंबाने गाडी कोणाकोणाच्या हातून गेली याचा माग काढत बसावे, अशी अपेक्षा कायदा करत नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती.

हा निकाल विकणाऱ्यासाठी इशारा आहेच, पण घेणाऱ्यासाठीही आहे. पैसे मोजले, किल्ली मिळाली, गाडी दारात उभी राहिली, तरी नोंदणी बदलेपर्यंत मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने मालक दुसराच असतो.

कायद्यानुसार मालक कोण?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(३०) नुसार ज्याच्या नावावर वाहनाची नोंदणी आहे, तो मालक. कलम ५० मध्ये नाव बदलण्याची मुदत दिली आहे. व्यवहार एकाच राज्यातला असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि दुसऱ्या राज्यातला असेल तर ४५ दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. घेणाऱ्याला ३० दिवसांची मुदत असते. त्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात.

गडबड इथेच होते. ‘सह्या केलेले कोरे फॉर्म देतो, नाव सवडीने लावून घ्या’ असे सांगून गाडी दिली जाते. मधल्या काळात मूळ मालक परगावी गेला, त्याने मोबाइल क्रमांक बदलला किंवा त्याचे निधन झाले, तर प्रकरण अडकते. मालकाचे निधन झाले असल्यास वारसांना आधी फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. वडिलांच्या नावावरची गाडी मुलाने परस्पर विकायला काढली असेल, तर ही पायरी पूर्ण झाली आहे का, हे विचारायलाच हवे.

मोबाइलवर काय काय दिसते?

देशभरातील वाहनांची नोंदणी केंद्र सरकारच्या ‘वाहन’ या प्रणालीत असते. ‘परिवहन’ संकेतस्थळावर किंवा ‘एमपरिवहन’ अॅपवर वाहन क्रमांक टाकला की माहिती समोर येते. त्यात या नोंदी बारकाईने पाहाव्यात :

- नोंदणीची तारीख, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि इंधनाचा प्रकार. सीएनजी किट नंतर बसवले असेल आणि त्याची नोंद आरसीवर नसेल, तर तो बदल बेकायदा ठरतो आणि विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो.
- गाडी आतापर्यंत किती हातांतून गेली, म्हणजेच मालकाचा अनुक्रमांक. विकणारा ‘पहिलाच मालक’ म्हणत असेल आणि नोंदीत ‘३’ दिसत असेल, तर पुढे बोलण्याची गरज नाही.
- नोंदणीची वैधता. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. तेरा-चौदा वर्षांची गाडी घेताना हा खर्च भावात धरावा लागतो.
- विमा आणि पीयूसीची मुदत.
- गाडीवर कर्जाचा बोजा आहे का आणि तो कोणत्या बँकेचा किंवा वित्तसंस्थेचा आहे.
- गाडी काळ्या यादीत आहे का.

अॅपवर मालकाचे नाव पूर्ण दिसत नाही, काही अक्षरे झाकलेली असतात. त्यामुळे मूळ आरसी आणि विकणाऱ्याचे ओळखपत्र शेजारी ठेवून नाव जुळवावे. आरसीवरचा चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक प्रत्यक्ष गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी अक्षर न अक्षर जुळला पाहिजे. चेसिस क्रमांकाभोवती वेल्डिंगच्या खुणा असतील, पत्रा घासलेला असेल किंवा अक्षरे वेडीवाकडी असतील, तर तो व्यवहार सोडून द्यावा.

कर्जाचा बोजा असेल तर?

गाडी कर्जावर घेतलेली असेल, तर आरसीवर वित्तसंस्थेच्या नावाची नोंद असते. कलम ५१ नुसार अशा गाडीची मालकी त्या संस्थेच्या संमतीशिवाय बदलता येत नाही. कर्जदाराने हप्ते थकवले आणि संस्थेने गाडी ताब्यात घेतली, तर तिला स्वतःच्या नावावर नवीन नोंदणीही मिळवता येते. ज्याने गाडी विकत घेतली, त्याच्या हाती मग फक्त पैसे दिल्याची पावती उरते.

‘कर्ज फिटले आहे, फक्त आरसीवरून नाव काढायचे राहिले’ हे वाक्य अनेकदा खरे असते. तरीही बँकेचे ना-हरकत पत्र आणि बँकेची सही-शिक्का असलेला फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. कर्ज अजून चालू असेल तर विकणाऱ्याला रोख रक्कम देण्याऐवजी उरलेली रक्कम थेट त्याच्या कर्जखात्यात भरणे सुरक्षित.

चोरीची गाडी आणि थकलेला दंड कसा ओळखावा?

चोरीच्या मालाला मालकी हक्क चिकटत नाही. वस्तू विक्री कायदा, १९३० मधील कलम २७ चे सूत्र साधे आहे : विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे, त्याहून जास्त हक्क घेणाऱ्याला सहसा मिळत नाही. त्यामुळे प्रामाणिकपणे पैसे मोजलेले असले, तरी चोरीची गाडी पोलिस जप्त करतात आणि ती मूळ मालकाकडे जाते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नागरिक सेवेत नोंदणी, चेसिस आणि इंजिन क्रमांक भरून गाडी चोरीच्या नोंदीत आहे का, हे तपासता येते. त्याचा दाखला डाउनलोड करून ठेवावा.

ई-चलान वाहनाच्या क्रमांकावर निघते. वेग, सिग्नल, पार्किंग यांचे साठलेले दंड मालक बदलला म्हणून पुसले जात नाहीत. परिवहनच्या ई-चलान संकेतस्थळावर आणि महाराष्ट्रातील गाड्यांसाठी राज्य वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर ते पाहता येतात. सगळे दंड विकणाऱ्याने भरले, की मगच व्यवहार करावा. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट, म्हणजेच एचएसआरपी, बंधनकारक आहे. ती बसवलेली नसेल तर परिवहन कार्यालयातील कामे अडतात.

दिल्लीची गाडी स्वस्त का मिळते?

दिल्ली परिसरात १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये निर्बंध घातले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यांची अंमलबजावणी करण्यास सांगितले. तेव्हापासून त्या भागातील गाड्या इतर राज्यांत कमी भावात विकल्या जाऊ लागल्या. गाडी चांगली असूही शकते, पण हिशेब पूर्ण मांडावा. मूळ परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८ लागतो. गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ राहणार असेल तर तिथला क्रमांक घ्यावा लागतो. महाराष्ट्राचा रस्ता कर इथे भरावा लागतो आणि आधीच्या राज्यात भरलेल्या कराचा परतावा तिकडे अर्ज करून मागावा लागतो. हे सगळे धरल्यावर स्वस्ताई किती उरते, ते पाहावे.

पुरात बुडालेली, अपघात झालेली, मीटर मागे घेतलेली

२००५ मध्ये मुंबईत, २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ मध्ये चिपळूणमध्ये असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. अशी गाडी धुऊन-पुसून नव्यासारखी दिसते, पण वायरिंगमधला बिघाड काही महिन्यांनी डोके वर काढतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, पट्ट्यावर पाण्याची रेघ किंवा गाळाचा डाग राहिलेला असतो. गालिचाखाली, स्टेपनीच्या खड्ड्यात माती आहे का, सीटखालच्या पट्ट्यांना गंज आहे का, हे पाहावे. काचा बंद ठेवून काही मिनिटे आत बसले की कुबट वास जाणवतो.

मीटर मागे घेण्याचा प्रकार डिजिटल मीटर आल्यानंतरही थांबलेला नाही. आठ वर्षांच्या गाडीच्या मीटरवर ३२ हजार किलोमीटर दिसत असतील, तर वर्षाला सरासरी चार हजार झाले. तेवढ्या वापरात ब्रेक-क्लचच्या पेडलचे रबर गुळगुळीत होत नाही आणि स्टिअरिंगचे कव्हर झिजत नाही. टायरवर चार आकडे असतात : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१९’ म्हणजे २०१९ मधला तेविसावा आठवडा. खात्रीचा पुरावा मात्र सर्व्हिसच्या नोंदींचा. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये दर सर्व्हिसिंगला मीटरचे रीडिंग नोंदवले जाते. ही माहिती मालकाने स्वतः मागवून दाखवावी, असा आग्रह धरावा.

विम्याचे काय?

कलम १५७ नुसार गाडीची मालकी बदलली की तृतीय पक्ष विमा नव्या मालकाकडे आला, असे मानले जाते. मात्र स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा आपोआप येत नाही. त्यासाठी १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसीवर नाव बदलून घ्यावे लागते. ते केले नाही तर गाडी ठोकली, जळाली किंवा चोरीला गेली तरी दावा फेटाळला जाण्याची शक्यता असते.

जुनी पॉलिसी पाहण्याचा आणखी एक फायदा आहे. त्यावर ‘नो क्लेम बोनस’ छापलेला असतो. दावा न करता वर्षे गेली की तो २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत वाढत जातो. पाच-सहा वर्षांच्या गाडीच्या पॉलिसीवर तो शून्य असेल, तर अलीकडे दावा झाला होता का आणि कशाचा, हे विचारावे. हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. त्यामुळे पॉलिसी नावावर करताना तेवढ्या फरकाची रक्कम भरावी लागते.

फसवणूक झाली तर दाद कुठे?

गाडी कोणाकडून घेतली, यावर हे अवलंबून असते. विक्रेत्याचा तो धंदा असेल, म्हणजे शोरूम, ऑनलाइन कंपनी किंवा जुन्या गाड्यांचा डीलर असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रारीला शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

डीलरसाठी १ एप्रिल २०२३ पासून आणखी एक नियम आहे. नोंदणी झालेल्या वाहनांची खरेदी-विक्री करणाऱ्या डीलरला परिवहन खात्याचे अधिकृत प्रमाणपत्र घ्यावे लागते. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना पोर्टलवर नोंदवली, की तो डीलर त्या गाडीचा मानीव मालक ठरतो. गाडी घेताना या प्रमाणपत्राची प्रत मागणे हा साधा उपाय आहे. ती दाखवायला टाळाटाळ झाली, तर त्यातूनच उत्तर मिळते.

शेजारी, नातेवाईक किंवा जाहिरात देणाऱ्या व्यक्तीकडून गाडी घेतली, तर ग्राहक आयोगाचा मार्ग साधारणपणे बंद असतो. तिथे भारतीय करार कायदा, १८७२ उपयोगी पडतो. खोटी माहिती देऊन केलेला करार रद्द करून मागता येतो, पण त्यासाठी दिवाणी न्यायालयात जावे लागते. मुद्दाम फसवले असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली पोलिसांत तक्रार करता येते. दोन्ही ठिकाणी लेखी पुरावाच कामाला येतो.

व्यवहार कोणत्या क्रमाने करावा?

आधी ऑनलाइन नोंदी, मग मूळ कागद, मग मेकॅनिक. इसार द्यायचाच असेल तर तो छोटा आणि बँकेतून द्यावा. ‘अपघात झालेला नाही, पुरात बुडालेली नाही, बोजा नाही, मीटरचे रीडिंग इतके’ ही विधाने विकणाऱ्याच्या सहीने विक्री करारात लिहून घ्यावीत. नाव बदलण्याचा अर्ज दोघांनी मिळून, विकणाऱ्याचा नोंदणीकृत मोबाइल चालू असतानाच भरावा, कारण ओटीपी त्यावर येतो. रकमेचा एक हिस्सा नाव बदलेपर्यंत राखून ठेवण्याचे करारातच ठरवावे. ताबा घेताना तारीख आणि वेळ लिहिलेली पावती दोघांच्या सहीने करावी, म्हणजे आधीचे चलान कोणाचे आणि नंतरचे कोणाचे, हा वाद राहत नाही.

नवी आरसी हातात आली आणि पॉलिसीवर नाव चढले, की उरलेली रक्कम द्यावी. प्रामाणिक विकणाऱ्याला या क्रमाची अडचण वाटण्याचे कारण नाही. नाव वेळेत बदलल्याने पुढच्या अपघाताच्या भरपाईतून सुटका होते ती त्याचीच.