परसातल्या कोंबड्यांसाठी खुराडे कसे निवडावे?



कोंबड्या पाळायच्या ठरल्या की आपण आधी विचार करतो तो जातीचा. गावरान घ्यावी की गिरिराज, वनराज घ्यावी? पिल्ले कुठून आणावीत? खुराड्याचा विचार मागाहून येतो, आणि तोही असा, की घरात चार जुने पत्रे पडले आहेत, दोन फळ्या आहेत, त्यांत भागवून टाकू. माझेही असेच झाले होते. वैशाखातली दुपार. घरची मंडळी लग्नाला गेलेली. कुत्री त्रास देतील म्हणून मी कोंबड्या पत्र्याच्या खुराड्यात कोंडल्या आणि तालुक्याला गेलो. चार वाजता परत येऊन पाहतो तर अकरांतल्या सात कोंबड्या पंख पसरून, चोची उघड्या टाकून पडलेल्या. मुंगूस आले नव्हते, रोगही नव्हता. त्या कोंबड्या माझ्या पत्नीच्या; अंड्यांच्या पैशांतून ती मुलांच्या वह्या घ्यायची. ती मला एका शब्दाने बोलली नाही, तेच जास्त लागले.

म्हणून आज सांगायचे ते एवढेच, की जळगाव-धुळ्याकडचे खुराडे हे वैशाखाची दुपार डोळ्यांपुढे ठेवून निवडावे. पावसाचा, थंडीचा, चोराचा विचार त्याच्या मागून.

कारण समजून घ्या. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाची उष्णता मुळातच सुमारे ४१ अंश सेल्सियस असते. बाहेरची हवा तिच्या अंगापेक्षा थंड असेल तोवर अंगातली उष्णता आपोआप बाहेर जाते. पण भुसावळ, जळगावला पारा ४४-४५ वर चढला की हवाच तिच्या अंगापेक्षा गरम होते. मग तिच्याजवळ एकच उपाय उरतो, तो धापा टाकण्याचा. चोच उघडून ती श्वासावाटे अंगातले पाणी वाफ करून बाहेर टाकते आणि त्या वाफेबरोबर उष्णता जाते. आता बघा, दहा कोंबड्या एका बंद पेटीत धापा टाकू लागल्या तर ती वाफ जाणार कुठे? आतली हवा दमट होते, धापेचा उपयोग संपतो आणि कोंबडी आडवी होते. नुसती सावली तिला पुरत नाही, वाराही लागतो. आमच्या पत्र्याच्या पेटीला एका बाजूला चार भोके होती. तेवढ्याने काय होणार!

बाजारात हल्ली लोखंडी सांगाड्याची, वर पत्रा असलेली तयार खुराडी मिळतात. दिसायला देखणी, उचलायला सोपी. घ्यायचीच असतील तर ज्याच्या निदान दोन समोरासमोरच्या बाजू पूर्ण जाळीच्या आहेत तेच घ्या. पत्र्याला घाबरायचे कारण नाही, उघड्या पत्र्याला घाबरा. मे महिन्यात आपल्याकडे दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा भिंतीपेक्षा छप्पर महत्त्वाचे. पत्र्यावर कपाशीच्या पऱ्हाट्या आणि पाचट यांचा वीतभर थर दोरीने आवळून बांधा. चुलीची ठिणगी पोचणार नाही एवढे अंतर मात्र ठेवा. थर जमत नसेल तर पत्र्याला चुन्याचा दाट हात द्या. पाखे दोन्ही बाजूंना दोन-अडीच फूट पुढे आलेले असावे, म्हणजे ऊनही आत शिरत नाही आणि पावसाची झडही.

खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन मग फक्त आखूड बाजूंवर पडते. त्या बाजू कुडाच्या नाहीतर फळ्यांच्या करून बंद कराव्यात. उत्तर आणि दक्षिण बाजू जाळीच्या. दुपारी वाऱ्याच्या बाजूला ओले गोणपाट सोडले तर चांगला गारवा येतो, पण समोरची बाजू उघडी हवी, नाहीतर पुन्हा तीच दमट पेटी. ज्येष्ठात ढग जमून उकाडा सुरू झाला की गोणपाट भिजवू नका. हवेतच पाणी असते, त्यात आणखी भर कशाला? तेच गोणपाट पौष-माघातल्या रात्री कोरडे करून पडद्यासारखे वापरावे. त्या वेळीही वरची वीतभर जागा उघडी ठेवा.

आता जुन्या पद्धतींविषयी. ओट्याखालचे मातीचे खुराडे आमच्या आजीच्या घरी होते, तुमच्याकडेही असेल. ते थंड असते, हे खरे. पण हात आत पोचत नाही, झाडता येत नाही, आणि भिंतीच्या भेगांत गोचीड भरते. हे गोचीड दिवसा भेगांत लपते आणि रात्री निजलेल्या कोंबडीचे रक्त पिते. म्हणून दिवसा कोंबडी तपासली तर काही सापडत नाही आणि माणूस म्हणतो, नजर लागली. तुरा पांढरा पडलेला दिसला तर रात्री बॅटरी घेऊन बघा. भेगा लिंपून घ्या, चुना लावा. डालगे चारदोन पिल्लांना, एखाद्या खुडूक कोंबडीला उत्तम; पण दहा कोंबड्यांचे घर म्हणून ते पुरत नाही.

रात्रीचे शत्रू वेगळे. मुंगूस, रानमांजर, साप, घूस. षट्कोनी भोकांची जी कोंबडीजाळी मिळते, ती कोंबडीला आत ठेवते, पण शत्रूला बाहेर ठेवत नाही. तिच्यातून लहान साप सहज जातो. अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांची, जाड तारेची जाळी महाग पडते, तरी तीच घ्या, आणि दारात, फटींत कुठे बोटभर जागा राहिली नाही ना, ते पाहा. रावेर-यावलकडे पुष्कळजण केळीच्या बागेच्या कडेला खुराडे ठेवतात. गारवा मिळतो, पण तिथे साप-मुंगसांचाही वावर असतो, आणि फवारणीचे औषध पाण्यात उतरते. त्यापेक्षा घराजवळचा लिंब बरा. रात्री कोंबड्या ओरडल्या तर घरात ऐकू तरी येते.

दहा कोंबड्यांना किती जागा? एकीला दोन चौरस फूट धरा. पाच फूट लांब, चार फूट रुंद झाले की काम भागते. पाय दीड-दोन फूट उंच ठेवले तर ओल लागत नाही. दार एवढे मोठे हवे की झाडू पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत पोचला पाहिजे. बसायला दोन इंच रुंदीच्या, कडा गोल केलेल्या दोन काठ्या एकाच उंचीवर लावा. वरखाली लावल्या तर वरच्या काठीसाठी भांडणे होतात. अंडी घालायला फूटभर लांबी-रुंदीची दोन खोकी पुरे. ती काठ्यांपेक्षा खाली, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा.

एक गोष्ट मात्र थोडी थांबून सांगतो. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू निघाला. नवापूर म्हणजे पूर्वीच्या धुळे जिल्ह्यातला, १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यातला तालुका. देशात त्या रोगाची ती पहिलीच नोंद. तेव्हा सगळे म्हणाले, हा मोठ्या पोल्ट्र्यांचा रोग. पण पुढच्याच महिन्यात आपल्या जळगाव जिल्ह्यात मारूळ, सावदा, हातेड, साळवे या गावांत तो सापडला, तो परसातल्या कोंबड्यांमध्ये. परसातली कोंबडी डबक्यावर जाते, रानपाखरांबरोबर एकाच जागी दाणे टिपते. म्हणून दाणा-पाणी खुराड्याच्या आत ठेवावे आणि खुराड्याला लागून वरूनही जाळी असलेले लहानसे अंगण करावे. रोगाच्या दिवसांत कोंबड्या पंधरा दिवस कोंडून ठेवायची वेळ आली, तर डालग्यात त्या जगतील का? खुराडे विकत घेताना हा प्रश्न स्वतःला विचारा. आणि एकाएकी चार-सहा कोंबड्या मेल्या तर त्यांना उघड्या हाताने शिवू नका, नाल्यात फेकू नका, खाऊही नका. जनावरांच्या दवाखान्यात कळवा. मानमोडीनेही कोंबड्या अशाच पटापट मरतात, तेव्हा ओळखण्याचे काम डॉक्टरांवर सोडावे. मानमोडीची लस मात्र वेळेवर टोचून घ्या. ती खुराड्याने टळत नाही.

गुरुजींना एक सुचवावेसे वाटते. शाळेत तापमापक असतोच. चैत्रातल्या एखाद्या दुपारी दोन वाजता मुलांना एक तापमापक कुणाच्या तरी खुराड्यात आणि एक शेजारच्या लिंबाखाली टांगायला सांगा. अर्ध्या तासाने दोन्ही आकडे फळ्यावर लिहा. त्या घरची मुलगी संध्याकाळी आईला तो आकडा सांगेल, आणि छपरावर पऱ्हाट्या चढवायला अजून वैशाखाआधीचे चार दिवस हातात असतील.