जुन्या हत्यारांची यादी वाचताना

सुतारकामाची जुनी हत्यारे शोधून विकत घेणे हा अमेरिका आणि ब्रिटनमधील अनेकांचा छंद आहे आणि त्या छंदावर पोसलेला एक लहानसा व्यापारही तेथे आहे. या व्यापारातील विक्रेते दुकान थाटून बसतातच असे नाही. त्यांच्यापैकी काहीजण ठरावीक काळाने आपल्याजवळील मालाची यादी तयार करून गिऱ्हाइकांना धाडतात. पूर्वी ती छापून टपालाने जात असे, आता ई-मेलने जाते. प्रत्येक हत्याराचे दोन-चार ओळींचे वर्णन, किंमत आणि सोबत एखाद-दुसरे छायाचित्र, एवढाच तिचा ऐवज. जो प्रथम मागणी नोंदवील त्याची वस्तू. हत्यार हातात घेऊन उलटसुलट करून पाहण्याची सोय नाही आणि विचार करण्यास फुरसतही नाही. चोर बाजारातल्या फेरीत डोळे आणि बोटे जे काम करतात, ते येथे केवळ वाचनाने साधावे लागते.

नमुन्यादाखल अशा यादीत शोभेल अशी एक नोंद घेऊ : 'स्टॅन्ली क्रमांक ४, प्रकार ११. काळा थर नव्वद टक्के. मागील मुठीचे टोक उडालेले. पाते भरपूर शिल्लक.' अनभिज्ञ वाचकाला यातून जवळजवळ काहीच कळणार नाही. जाणकाराला मात्र या चार वाक्यांत एका रंध्याचे वय, प्रकृती आणि पुढील आयुष्य दिसते.

स्टॅन्ली ही कनेक्टिकट राज्यातील न्यू ब्रिटन गावची कंपनी. लेनर्ड बेली या कारागिराच्या रंध्यांचे हक्क तिने १८६९ मध्ये मिळवले. लाकडी रंध्याचे पाते पुढेमागे करण्यासाठी हातोडीने ठोकावे लागे आणि पाचर आवळावी लागे. बेलीच्या बिडाच्या रंध्यात हेच काम बोटाने चाक फिरवून होऊ लागले. लाकडी रंधे मागे पडण्याचे हे मोठे कारण होय. या रंध्यांचे १ ते ८ हे क्रमांक दर्जाचे नसून आकाराचे आहेत. क्रमांक ४ सुमारे ९ इंच लांब, पृष्ठभाग गुळगुळीत करण्यासाठी. क्रमांक ५ चौदा इंची, सर्वसाधारण कामाचा. क्रमांक ७ बावीस इंची, लांब फळीची कड सरळ करण्यासाठी. आखूड रंधा फळीच्या खोलगट भागात उतरतो, लांब रंधा मात्र उंचवट्यांवरून जात ते आधी कापतो. लांबीतला फरक केवळ सोयीचा नसून कामाचा आहे तो असा.

'प्रकार ११' हा शब्दप्रयोग कारखान्याचा नव्हे. पुढे संग्राहकांनी शेकडो रंधे ताडून पाहून ही वर्गवारी केली. पाते ज्या तिरप्या तुकड्यावर टेकते त्याला इंग्रजी सुतार 'फ्रॉग', म्हणजे चक्क बेडूक म्हणतात. प्रकार ११ च्या रंध्यावर या बेडकामागे पेटंटच्या तीन तारखा ओतलेल्या असतात. दोन १९०२ सालच्या आणि एक १९१० ची. त्या अर्थी हा रंधा १९१० पूर्वीचा नाही. पेटंटची तारीख जन्मतारीख नव्हे, ती फक्त 'यानंतर केव्हातरी' एवढेच सांगते. मग इतर खुणा उपयोगी पडतात. पुढची मूठ बुटकी असेल तर रंधा साधारण पहिल्या महायुद्धापर्यंतचा, उंच असेल तर त्यानंतरचा. दुसऱ्या महायुद्धात पितळेची टंचाई झाल्याने पितळी चाक गेले आणि मुठीही साध्या लाकडाच्या, रंग दिलेल्या येऊ लागल्या. अर्थात कारखान्यातील कामगार हाताशी असलेला जुना भाग नव्या रंध्याला खुशाल बसवीत असत. त्यामुळे एखादी खूण जुळली नाही म्हणजे वस्तू खोटी, असा निष्कर्ष उतावळेपणाचा ठरतो. पण पाच खुणा पाच दशकांतल्या असतील तर तो रंधा दोन-तीन रंध्यांच्या भागांतून जुळवलेला समजावा.

आता नव्वद टक्क्यांचे. बिडावर गंज चढू नये म्हणून कारखान्यात डांबरी पदार्थाचा काळा, तकतकीत लेप देऊन तो भाजत. तो किती उरला आहे हे विक्रेता टक्क्यांत सांगतो आणि किंमत बऱ्याच अंशी त्याच आकड्याबरोबर चढते-उतरते. गंमत अशी की, लाकूड तासण्याशी या लेपाचा काडीचाही संबंध नाही. मुठीचे उडालेले टोकही कामाच्या आड येत नाही. म्हणजे ज्याला रंधा चालवायचा आहे त्याने साठ टक्के लेपाचा, तुटक्या टोकाचा रंधा घ्यावा आणि वाचलेल्या पैशांत धार लावण्याचा चांगला दगड घ्यावा. त्याने वाचायच्या त्या दुसऱ्याच गोष्टी : तळावर, विशेषतः पाते बाहेर येते त्या फटीच्या कोपऱ्यांशी, तडा आहे का? पाते किती उरले आहे? कारण प्रत्येक धारेबरोबर ते झिजत असते. स्क्रू मूळचे आहेत का? त्यांचे आटे जुन्या मापाचे असून बाजारातला कोणताही स्क्रू त्यांत बसत नाही. या बाबतीत यादी गप्प असेल तर ते मौन 'सर्व ठीक आहे' असे न समजता विचारून घेणे बरे. प्रामाणिक विक्रेता तडा लपवत नाही. पण चार ओळींत सगळेच मावत नाही.

संग्राहकाचे गणित अगदी उलटे. जेमतेम साडेपाच इंचांचा स्टॅन्ली क्रमांक १ फार थोड्या कामांना उपयोगी पडतो. परंतु दुर्मीळ असल्यामुळे तो त्याच्या थोरल्या भावंडांच्या कित्येक पट दराने जातो. साहजिकच त्याच्या नकलाही होतात. खऱ्या रंध्याचा साचा घेऊन केलेले ओतकाम थंड होताना सुमारे एक टक्का आकसते, त्यामुळे नक्कल किंचित लहान भरते. महागड्या वस्तूची नेमकी मापे मागण्यात म्हणूनच संकोच नसावा.

करवतींच्या नोंदी वाचायला त्या मानाने सोप्या. फिलाडेल्फियाच्या हेन्री डिस्टन याने १८४० मध्ये सुरू केलेल्या कारखान्याच्या करवती अशा याद्यांत हटकून असतात. त्यांच्या मुठीवरचा पितळी बिल्ला हेच त्यांचे जन्मपत्र. मुलगा धंद्यात आल्यावर १८६५ पासून नावाला 'अँड सन' जोडले गेले, १८७१ पासून ते 'सन्स' झाले. पानाच्या पाठीवर टोकाजवळ असलेल्या इवल्याशा उंचवट्याबद्दल छंदिष्टांमध्ये अजून वाद झडतात. डिस्टनच्या पुस्तिकेने मात्र तो निव्वळ शोभेचा असल्याचे सांगून टाकले होते. गिऱ्हाइकाने पाहावे ते एवढेच की, पान सरळ आहे आणि वारंवार कानस लागून अरुंद झालेले नाही. बोथट दात पुन्हा पाडता येतात, मुरड पडलेले पान सरळ करणारे हात आता थोडे आहेत.

लाकडी रंध्यांच्या नोंदींत सर्वांत मोलाचा मजकूर असतो तो पुढच्या टोकावरील शिक्क्याचा. मॅसॅच्युसेट्समधील रेंथम येथे फ्रान्सिस निकल्सन हा रंधे बनवीत असे. सीझर चेलर हा कृष्णवर्णीय कारागीर त्याचा गुलाम होता. १७५३ मध्ये निकल्सन वारला आणि त्याच्या मृत्युपत्रान्वये चेलरला स्वातंत्र्य, काही जमीन आणि हत्यारे मिळाली. पुढे १७८४ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो रंधे घडवीत राहिला. त्यांवर त्याने स्वतःचे नाव आणि आपण रेंथमला राहतो, एवढी अक्षरे ठोकली. गुलामीत जन्म काढलेल्या माणसाने आपल्या कामावर केलेली ती सही आहे. असा रंधा एखाद्या उत्साही मालकाने कागदाने घासून 'नव्यासारखा' केला, तर अक्षरांबरोबर त्याची साक्षही पुसली जाते. यादीतील 'साफ केलेला' या शब्दाने जाणकार दचकतो तो याच कारणाने. 'जसा सापडला तसा' हे वर्णन दिसायला ओशाळे असले तरी अनेकदा अधिक आश्वासक असते.

भारतात राहून अशा यादीतून काही मागवायचे झाल्यास टपालखर्च आणि सीमाशुल्क हत्याराच्या किमतीलाही मागे टाकू शकतात. रंधा बिडाचा, वजनाला भारी. शिवाय लाकडाचा प्रश्न आहेच. जुन्या स्टॅन्ली रंध्यांच्या मुठी बहुधा ब्राझीलमधील रोझवूडच्या, म्हणजे आपल्या शिसवीच्याच कुळातील लाकडाच्या असतात. त्या झाडाला १९९२ पासून साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टाचे संरक्षण आहे आणि देशाच्या सीमा ओलांडताना त्यापासून बनवलेल्या वस्तूलाही कागदपत्रे लागू शकतात. हस्तिदंती टोके बसवलेल्या जुन्या रंध्यांचीही हीच अडचण. तेव्हा मूठ कोणत्या लाकडाची आणि कागदपत्रांची जबाबदारी कोणाची, हे पैसे पाठविण्यापूर्वी विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.