अंगावर पित्त उठतं? मग डाळीचं पीठ असं वापरा



अंगावर गांधी उठतात, खाज सुटते, आणि डॉक्टर काही दिवस हिस्टामाइन कमी असलेला आहार सांगतात. मग घरात प्रश्न येतो, आता चून-भाकर पण बंद का?

लगेच बंद करू नका. हरभरा, मूग, तुरीच्या ताज्या पिठात हिस्टामाइन सहसा कमीच असतं. ते वाढतं आंबवल्यावर आणि शिजवलेलं शिळं ठेवल्यावर. डाळीत प्रथिनं भरपूर असतात, त्यातूनच जिवाणू हिस्टामाइन बनवतात. आणि एकदा बनलं की उकळून किंवा तळून ते जात नाही.

म्हणून एवढं करा:

✅ घरचा हरभरा, धुऱ्यावरची तूर चांगली वाळवून ठेवा. पीठ आठ-दहा दिवसांपुरतंच दळून आणा.
✅ चून, पाटोडी, मुगाचं धिरडं पीठ कालवून लगेच करा आणि गरमच खा.
❌ रात्रभर आंबवलेला ढोकळा, इडली, डोसा नको.
❌ बेसन लावलेली कढी पण नको, त्यात आंबट ताक असते.
❌ सकाळचं चून संध्याकाळी नको.
❌ चुनात टमाटर, वांगं, पालक सध्या टाळा.

सगळ्यांना सगळं सारखं सोसत नाही. एका वेळी एकच पीठ थोडं खाऊन पाहा, वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. गोळ्या मनाने बंद करू नका.

⚠️ लाखोळीबद्दल खास सूचना
हरभरा सोसत नाही म्हणून रोज लाखोळीचं पीठ सुरू करू नका. लाखोळीतला ओडॅप हा घटक महिनोन्‌महिने भरपूर पोटात गेला, तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. याच कारणाने 1961 मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली होती. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकलं तर ओडॅप बराच कमी होतो. पिठाचं पाणी कसं फेकणार? खायची असेल तर भिजवून, पाणी फेकून, कधीमधी आणि इतर डाळींसोबतच खा. धानाच्या बांधीत पेरताना रतन, प्रतीक, महातिवडा असं कमी ओडॅपचं बियाणं घ्या. विकतच्या बेसनात लाखोळीची भेसळ होऊ शकते, म्हणून घरचं दळलेलं बरं.

🚨 ओठ-जीभ सुजली किंवा दम लागला तर आहाराचा विचार नंतर. आधी दवाखाना गाठा.

– तुमच्या कंपनीचा कृषी सल्ला विभाग, भंडारा