गुन्हा कोणाच्या वहीत?

दापोली तालुक्यात गेल्या दहा वर्षांत घरफोड्या वाढल्या की घटल्या? प्रश्न सरळ आहे. कायद्याचा किंवा समाजशास्त्राचा विद्यार्थी तो घेऊन एखाद्या चांगल्या ग्रंथालयात गेला, तर त्याला गुन्हेशास्त्राची फळी दाखवली जाईल. ड्युई दशांश पद्धत पाळणाऱ्या ग्रंथालयात ती ३६४ क्रमांकाची. लोम्ब्रोझोपासून सदरलँडपर्यंतच्या सिद्धान्तांची ओळख करून देणारी क्रमिक पुस्तके तिथे मिळतील. दापोलीतल्या घरफोडीबद्दल अक्षरही मिळणार नाही. यात ग्रंथपालाचा दोष नाही. गुन्ह्यांविषयीचे बहुतेक मूळ साहित्य अभ्यासासाठी लिहिलेलेच नसते. पोलीस फिर्याद नोंदवतात ती तपासासाठी, न्यायाधीश निकाल लिहितात तो समोरचा वाद मिटवण्यासाठी, तुरुंगात कैद्यांची मोजदाद होते ती शिधा आणि जागा ठरवण्यासाठी. प्रत्येकाची वही वेगळी आणि ती राखण्याचे कारणही वेगळे. म्हणून या क्षेत्रात शोध विषयाच्या नावाने घेण्यापेक्षा नोंद करणाऱ्याच्या नावाने घ्यावा, असे माझे म्हणणे आहे. ही घटना सर्वांत आधी कोणाच्या वहीत चढली असेल, तिथून पुढे कोणाकडे गेली आणि कुठे थांबली, एवढे कळले की कोणते कपाट उघडायचे ते कळते. त्या कपाटातल्या कागदावर किती विश्वास ठेवायचा, हेही त्याच ओघात कळते.

घरफोडीपासूनच सुरुवात करू. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग १९८६ साली स्थापन झाला, पण त्याचा 'क्राइम इन इंडिया' हा वार्षिक अहवाल १९५३ पासूनचा आहे. त्यात जिल्हानिहाय तक्ते मिळतात, म्हणजे रत्नागिरी सापडते. पुण्याच्या राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडून महाराष्ट्राचा वेगळा अहवाल निघतो. तालुका मात्र या दोन्हींत हरवतो. त्यासाठी दापोली आणि दाभोळ सागरी या पोलीस ठाण्यांचे आकडे हवेत, आणि ते माहिती अधिकाराच्या दहा रुपयांच्या अर्जावर मागता येतात. आकडा हाती आला की खरे काम सुरू होते. एका फिर्यादीत अनेक गुन्हे असले तरी राष्ट्रीय अहवालात त्यांतला सर्वांत गंभीर तेवढाच मोजला जातो. बाकीचे गुन्हे तक्त्यात दिसत नाहीत. नोंदवलेल्या गुन्ह्यांपैकी कित्येक न्यायालयात खटला म्हणून पोचतच नाहीत. तपास बंद करताना महाराष्ट्रात पोलीस न्यायालयाकडे 'अ', 'ब', 'क' समरी मागतात: 'अ' म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, 'ब' म्हणजे फिर्याद जाणूनबुजून खोटी, 'क' म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी वादातून झालेली. ज्या घरफोडीतला चोर कधीच सापडला नाही ती 'अ' समरीत निजलेली असते. न्यायालयांच्या संकेतस्थळावर खटल्यांची यादी चाळणाऱ्याला ती भेटणार कशी? शिवाय २०१३ साली ललिताकुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यास फिर्याद नोंदवलीच पाहिजे. अशा निर्णयानंतर आकडा वाढला, तर चोर वाढले की फिर्यादी नोंदवण्याचे प्रमाण वाढले, हे आकडा स्वतः सांगत नाही.

आकड्याची ही उणीव दुसऱ्याच्या वहीने थोडीफार भरून निघते. घरातल्या हिंसेचा अभ्यास करणाऱ्याने पोलिसांच्या अहवालाशेजारी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण ठेवावे. हे आरोग्य खात्याचे काम असल्याने गुन्हेशास्त्राच्या फळीवर ते नसतेच. २०१९ ते २०२१ च्या पाचव्या फेरीत देशभरातल्या विवाहित किंवा कधीकाळी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा झाल्याचे सांगितले; आणि हिंसा सोसलेल्यांपैकी जेमतेम १४ टक्के स्त्रियांनी कोणाकडे तरी मदत मागितली होती. हे 'कोणीतरी' बहुधा माहेरचे माणूस. पोलीस ठाण्याची पायरी चढणाऱ्या त्याहून कितीतरी कमी. ज्या जिल्ह्यात अशा फिर्यादी कमी तो जिल्हा शांत, असा निष्कर्ष काढणाऱ्याच्या हातात ही दुसरी वही द्यावी.

न्यायालयाची वाट निराळी. दापोलीत प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचे न्यायालय आहे. सत्र न्यायालयात चालणारे गंभीर खटले खेडला जातात. त्यावरचे अपील पूर्वी मुंबईत होत असे. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू झाले आणि रत्नागिरी जिल्हा त्याच्या कक्षेत आला. म्हणजे एकाच प्रकारच्या खटल्याचे अपील त्याआधीचे असेल तर मुंबईच्या यादीत आणि नंतरचे असेल तर कोल्हापूरच्या यादीत पाहायचे. कलमांचेही तसेच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाचे ३०२ आता १०३ झाले, चोरीचे ३७९ आता ३०३ मध्ये गेले, विवाहितेच्या छळाचे ४९८अ आता ८५ झाले. पण त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्याला जुनाच कायदा लागतो, त्यामुळे पुढची अनेक वर्षे दोन्ही क्रमांकांनी शोध घ्यावा लागेल. एकाच क्रमांकाने शोधणाऱ्याला निम्मे खटले दिसतील आणि गुन्हा घटल्याचा आनंदही होईल.

निकालपत्र हे मात्र या क्षेत्रातले सर्वांत समृद्ध आणि सर्वांत कमी वाचले जाणारे साहित्य आहे. १९७२ साली आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराचा खटला आठवावा. सत्र न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले, उच्च न्यायालयाने दोषी धरले, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्या पत्राची सामग्री कोणतीही गुप्त बखर नव्हती. कायद्याच्या कोणत्याही ग्रंथालयात मिळणाऱ्या छापील निकालपत्रातून तिन्ही न्यायालयांचे तर्क ओळीने वाचून, 'संमती' आणि 'निमूटपणे सोसणे' यांची सरमिसळ कुठे झाली ते त्यांनी दाखवले. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीनंतर १९८३ मध्ये कायदा बदलला. तरीही निकालपत्रांच्या संग्रहाला एक उपजत व्यंग आहे. उच्च न्यायालयात पोचते ते भांडले गेलेले प्रकरण. गुन्हा कबूल केलेले, तडजोडीत मिटलेले, निर्दोष सुटल्यावर कोणी अपील न केलेले खटले तिथे नसतात, आणि तालुक्याच्या न्यायालयात बहुसंख्या त्यांचीच. नुसत्या अपिलांवरून समाजाचे चित्र काढणे म्हणजे दवाखान्यातल्या रांगेवरून गावाचे आरोग्य मोजणे होय.

दापोलीच्या मातीत या विषयाचा एक जुना धागाही आहे. पांडुरंग वामन काणे यांचे शालेय शिक्षण दापोलीच्या मिशन हायस्कुलात झाले. व्यवहारमयूख आणि याज्ञवल्क्यस्मृती १८८० मध्ये संपादून इंग्रजीत आणणारे विश्वनाथ नारायण मंडलिक याच तालुक्यातल्या मुरूडचे. काण्यांच्या 'धर्मशास्त्राच्या इतिहासा'चा १९४६ चा तिसरा खंड राजधर्म आणि व्यवहार, म्हणजे न्यायदान, साक्षीपुरावा, चोरी, साहस (म्हणजे बळजबरीचे गुन्हे), दंड यांविषयी आहे. भारतीय दंडविचाराचा इतका भक्कम आधारग्रंथ ग्रंथालयात कुठे असतो? धर्माच्या फळीवर, २९४ च्या आसपास. ३६४ समोर उभा राहणारा त्याच्यापर्यंत पोचतच नाही. आणि पोचला तरी इथेही नोंद करणारा कोण हे विचारावे लागते. स्मृतिकार सांगतात ती शिक्षा व्हायला हवी असलेली. झालेली शिक्षा वेगळ्या कागदांत आहे. त्यासाठी विठ्ठल त्र्यंबक गुणे यांचा मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरचा डेक्कन कॉलेजने १९५३ मध्ये काढलेला ग्रंथ पाहावा, तो महजर (सभेने दिलेले निर्णय) आणि निवाडपत्रांवर उभा आहे. अठराव्या शतकातल्या महाराष्ट्रातल्या शिक्षांवर सुमित गुहा यांनी १९९५ मध्ये लिहिलेला निबंध पेशवाईच्या दप्तराकडे वळतो. त्या काळी दंडाची रक्कम महसुली हिशेबात जमा होई आणि कैदी किल्ल्यांवर ठेवले जात. म्हणून गुन्ह्याचा माग काढणाऱ्याला जमाबंदीचे आणि किल्ल्यांच्या खर्चाचे कागद चाळावे लागतात. इंग्रजी अमलाचा माग काढायचा असेल, तर १८८० च्या रत्नागिरी गॅझेटियरमधले न्यायाचे प्रकरण आणि १९६२ ची सुधारित आवृत्ती शेजारीशेजारी ठेवून वाचावीत. या दोन्ही राज्याच्या गॅझेटियर विभागाने खुल्या केल्या आहेत.

कधीकधी मात्र वहीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करावी लागते. मुंबई इलाख्याचे पोलीस महानिरीक्षक मायकेल केनेडी यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इलाख्यातल्या 'गुन्हेगार वर्गां'वर एक मार्गदर्शिका तयार केली. जातीमागून जात घेऊन पेहराव, बोली, चोरीची रीत अशी टिपणे तिच्यात आहेत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवले होते. अशा मार्गदर्शिकांनी त्या समजाला तपशिलाचा आणि अधिकाराचा मुलामा दिला. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला, पण पुस्तक ग्रंथालयांतून गेले नाही, त्याचे पुनर्मुद्रणही झाले. ते काढून टाकावे असे मी म्हणणार नाही. त्याच्या जोडीने लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' वाचावे, इतकेच. केनेडीच्या टिपणांत पोलिसाची नजर आहे. गायकवाडांच्या पुस्तकात त्या नजरेखाली वाढलेल्या घराची बाजू आहे. ग्रंथालयाने एकाला समाजशास्त्रात आणि दुसऱ्याला ललित साहित्यात बसवले, म्हणून पहिले पुरावा आणि दुसरे गोष्ट ठरत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की आता सगळे मोबाइलवर आहे, ग्रंथालय हवे कशाला? बरेच काही आहे हे खरे. सर्वोच्च न्यायालयाचे अहवाल २०२३ पासून विनामूल्य खुले झाले आणि निवडक निकाल मराठीतही मिळतात. 'शोधगंगा'वर विद्यापीठांचे प्रबंध आहेत. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर संवेदनशील प्रकरणे वगळून फिर्यादी पोलिसांच्या संकेतस्थळावर येतात. पण त्याच न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये दोषारोपपत्रे सरसकट संकेतस्थळावर टाकण्यास नकार दिला. त्यामुळे आरोप वाचता येतो, तपासात काय निघाले ते वाचता येत नाही. फिर्यादीवर थांबणारा अभ्यासक आरोपालाच घटना समजून बसतो. पुढचे कागद हवे असतील तर न्यायालयात नकलेचा अर्ज करावा लागतो आणि तिऱ्हाइताला त्यासाठी परवानगी लागते. शोधपत्रिकांचे जुने अंक पैशांच्या कुंपणाआड आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणची ग्रंथालये ते विकत घेतात, म्हणून तिथे जावे लागते. आणि 'गुन्हेशास्त्र', 'अपराधशास्त्र', 'दंडशास्त्र', 'गुन्हेगारी' यांपैकी कोणत्या नावाखाली मराठी पुस्तक दाखल झाले आहे, हे यंत्रापेक्षा जुन्या ग्रंथपालाला आजही चांगले ठाऊक असते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. प्रत्येक नोंद एकांगी असेल, तर खरे काहीच कळणार नाही, मग अभ्यास कशाला? हा युक्तिवाद पुढे रेटला तर इतिहासही लिहिता येणार नाही. एकांगीपणा लपलेला असतो तोवरच घातक असतो. पोलिसांची नोंद कुठे तोकडी हे आरोग्य सर्वेक्षण दाखवते, सर्वेक्षणातले उत्तर कुठे ढोबळ हे निकालपत्रातला तपशील दाखवतो, आणि निकालपत्रात कोण गैरहजर हे पोलिसांच्या समरीची संख्या सांगते. तीन वह्यांच्या तीन वेगवेगळ्या चुका असतील, तर त्या तिन्हींचे जिथे एकमत होते तिथे अभ्यासकाला पाय ठेवायला जागा मिळते. एका पथ्याची मात्र आठवण हवी. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे न्याय संहितेच्या ७२ व्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि छोट्या तालुक्यात गाव आणि वय लिहिले तरी ओळख उघड होते.

तिसरा आक्षेप दापोलीकरच घेतील: इथे गुन्हा तो केवढा, त्याचा अभ्यास काय करायचा? पण पोलिसांच्या वहीबाहेर पाहिले की चित्र पालटते. खवले मांजर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या शिकारीचा किंवा खवल्यांच्या व्यापाराचा वनगुन्हा वनखाते स्वतः नोंदवून न्यायालयात नेते; पोलीस ठाण्याच्या तक्त्यात तो उमटेलच असे नाही. त्यासाठी वनपरिक्षेत्र कार्यालय गाठावे लागते. किनाऱ्यावरच्या बेकायदा बांधकामाचे तर आणखी पुढचे. सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचना १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली निघतात. तो कायदा मोडल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती काढून दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंतची शास्ती आणली आणि हा बदल एप्रिल २०२४ पासून लागू झाला. कर्दे किंवा मुरूडच्या वाळूवर उद्या तेच बांधकाम झाले, तर ते फौजदारी खटल्यांच्या यादीत शोधून सापडणार नाही. न्यायनिर्णय अधिकाऱ्याचे शास्तीचे आदेश आणि पुण्यातल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पश्चिम विभागीय खंडपीठाचे निकाल काढून पाहावे लागतील.