पथ्य सोडण्याचेही पथ्य असते

पथ्य पाळणाऱ्याचे आपल्याकडे कौतुक होते. ते कसे सोडावे हे मात्र कोणी सांगत नाही. ‘पोटातली बुरशी’ मारण्यासाठी पोळी, भाकरी, भात, दूध, दही, फळे, गूळ, साखर असे सारे काही दोन-दोन, चार-चार महिने बंद केलेली माणसे अलीकडे दवाखान्यात येऊ लागली आहेत. कोणी मोबाईलवर चित्रफीत पाहिलेली असते, कोणाला शहरातल्या नातेवाइकाने तक्ता पाठवलेला असतो. पहिले काही दिवस हलके वाटते. पुढे अशक्तपणा येतो, केस गळतात, घरात आपले ताट वेगळे मांडण्याचा कंटाळा येतो. आणि पुन्हा जेवायला सुरुवात करावी म्हटले की भीती वाटते, ‘डॉक्टर, भात खाल्ला तर बुरशी परत वाढणार नाही ना?’ आजचा लेख याच प्रश्नावर आहे.

ही बुरशी कोण?

हिचे नाव कॅन्डिडा. अनेक निरोगी माणसांच्या तोंडात आणि आतड्यात ती थोड्या प्रमाणात असतेच. ती असणे म्हणजे आजार नव्हे. शरीराची प्रतिकारशक्ती किंवा आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंचा समतोल बिघडला की ती वाढते. जिभेवर दह्यासारखा पांढरा थर येणे, स्त्रियांना खाज सुटून अंगावर घट्ट पांढरे जाणे, जांघेत किंवा स्तनांखाली लाल चट्टे उठणे ही तिची खरी लक्षणे. मधुमेह, स्टेरॉइड, प्रतिजैविकांचा मारा, एचआयव्ही, कर्करोगावरील औषधे ही त्यामागची नेहमीची कारणे. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या मधुमेहाच्या नव्या गोळ्यांनीही जननेंद्रियाच्या जागी हा संसर्ग होऊ शकतो. यावर चांगली औषधे आहेत आणि बहुतेकांना ती थोडेच दिवस घ्यावी लागतात.

थकवा, विसराळूपणा, डोकेदुखी, पोटफुगी या साऱ्याचे मूळ कॅन्डिडाच, हा विचार अमेरिकेतून आला. तेथील डॉक्टर विल्यम क्रुक यांच्या १९८३ सालच्या पुस्तकाने तो घरोघरी पोहोचवला. पुढे अलाबामा विद्यापीठातील डॉक्टरांनी अशा ४२ स्त्रियांवर बुरशीनाशक औषधाची चाचणी घेतली. तिचा निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाला. योनीमार्गाच्या तक्रारी औषधाने कमी झाल्या; पण थकवा वगैरे लक्षणांना औषधाने जेवढा उतार पडला, तेवढाच औषध नसलेल्या गोळीनेही पडला. सकाळी पेल्यातल्या पाण्यात थुंकून बुरशी ओळखण्याची जी युक्ती सांगतात, तिलाही काही आधार नाही.

मग पथ्याने बरे का वाटले?

बरे वाटले हे खोटे नाही, कारण मात्र वेगळे आहे. पथ्याबरोबर बिस्किटे, खारी, फरसाण, शीतपेये आणि दिवसातले चार गोड चहाही बंद झाले. गहू, कांदा, लसूण यांत एक प्रकारची शर्करा असते. ती आपल्याला पचत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू ती आंबवतात आणि वायू तयार होतो. दुधातली साखर न पचणाऱ्यांचेही तसेच होते. हे पदार्थ थांबले की पोट हलके वाटते. म्हणून बुरशी मेली असे होत नाही.

भाताची साखर होऊन ती बुरशीला पोसते, हेही तितकेसे खरे नाही. भाता-भाकरीतला पिष्टमय भाग बहुतांशी लहान आतड्यातच पचून रक्तात जातो. निरोगी माणसाच्या साऱ्या रक्तात मिळून साखर असते जेमतेम चहाचा एक चमचा, आणि शरीर ती कसोशीने मर्यादेत ठेवते. वर्षभर भात सोडला तरी निरोगी माणसाची रक्तातली साखर शून्यावर येत नाही. मधुमेहात मात्र साखर आटोक्याबाहेर जाते, म्हणून तेथे बुरशीला आयते रान मिळते. तेथे उपाय मधुमेहावर करायचा असतो.

आधी तपासणी, मग ताट

चाळिशीतल्या एका शिक्षिकेने थकव्यासाठी आठ महिने हे पथ्य पाळले. वजन अकरा किलोने उतरले, थकवा होता तसाच राहिला. तपासणीत हिमोग्लोबिन आठ निघाले आणि थायरॉइडचे काम मंदावलेले आढळले. थकव्याचे खरे कारण रक्ताच्या दोन साध्या तपासण्यांत सापडण्यासारखे होते. आठ महिने गेले ते न झालेल्या आजाराच्या मागे. म्हणून अन्न पुन्हा सुरू करण्यापूर्वी वजन, हिमोग्लोबिन, रक्तातली साखर, थायरॉइड आणि शक्य असल्यास ब-१२ जीवनसत्त्व एकदा पाहून घ्यावे.

धान्य कसे सुरू करावे

मुदतीच्या तापातून उठलेल्या माणसाला आपल्या आजी आधी पेज देत, मग मऊ भात, मग भाकरीचा पापुद्रा. तोच क्रम येथे उपयोगी पडतो. नियम तीन : एका वेळी एकच नवा पदार्थ, थोड्या प्रमाणात, आणि पुढचा पदार्थ तीन-चार दिवसांनी. वहीत तारीख, पदार्थ आणि त्रास लिहून ठेवावा.

पहिला आठवडा तांदळाचा. दुपारच्या जेवणात अर्धी वाटी मऊ भात, वर चमचाभर साजूक तूप. तुपात दुधाची साखर जवळजवळ नसतेच, त्यामुळे ते पहिल्या दिवसापासून चालते. चार दिवसांनी मुगाच्या डाळीची खिचडी.

दुसऱ्या आठवड्यात ज्वारीची अर्धी भाकरी, नंतर एक. मग नाचणीची भाकरी किंवा आंबील. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. दूध बंद असलेल्यांना त्याचा मोठा आधार होतो.

गहू चौथ्या आठवड्यात आणावा. आधी एक पोळी, सोबत कांदा-लसूण नसलेली भाजी. नाहीतर त्रास पोळीचा की कांद्याचा हे कळत नाही. पोळी तीन-चार दिवस सोसली की फोडणीत लसूण, मग कांदा. पावातल्या यीस्टला अनेक जण भितात. पण ते यीस्ट वेगळ्या जातीचे असते आणि भट्टीत मरते. तरी मैद्याचे पदार्थ रोज खाण्याचे नव्हेत, हे पथ्य असो वा नसो खरेच आहे.

दूधदुभते

तिसऱ्या आठवड्यात धान्य आहे तेवढेच ठेवून ताज्या ताकाची अर्धी वाटी घ्यावी, मग दही. विरजणातले जिवाणू दुधातली काही साखर खाऊन टाकतात आणि उरलेली पचवायलाही मदत करतात. पुष्कळांना दूध सोसत नाही पण ताक सोसते, ते याच कारणाने. दूध सर्वांत शेवटी, पाचव्या आठवड्यात. आधी चहापुरते, मग जेवणासोबत अर्धा कप तापवलेले दूध. वयाबरोबर दुधाची साखर पचवणारा रस अनेकांत कमी होतो. अशांनाही जेवणाबरोबर थोडे दूध बहुधा चालते. रिकाम्या पोटी मोठा पेला चालत नाही. नाहीच सोसले तर दूध सोडावे, ताक-दही ठेवावे. श्रीखंड, बासुंदी, गोड लस्सी यांची घाई नको. त्यांत प्रश्न दुधापेक्षा साखरेचा असतो.

कशाला घाबरू नये

पहिले आठ-दहा दिवस थोडा गुबारा, वायू सरणे, शौचाच्या वेळेत बदल हे होणारच. आतड्यातले जिवाणू जे अन्न मिळते त्याला सरावलेले असतात. नव्याची सवय व्हायला वेळ लागतो. प्रमाण निम्मे करावे, पाणी पुरेसे प्यावे, जेवल्यावर शतपावली करावी. पदार्थ एकदम बंद करू नये.

वजन काट्यावर एक-दीड किलोने वाढले तरी दचकू नये. शरीर पिष्टमय अन्नाचा साठा यकृतात आणि स्नायूंत करते, आणि साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. हे वजन चरबीचे नव्हे.

यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच

मधुमेही. पथ्याच्या काळात गोळी किंवा इन्सुलिन कमी केले असेल, तर धान्याबरोबर साखर चढते. उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर पाहून मात्रा ठरवावी लागते.

खूप वजन उतरलेले किंवा आठ-दहा दिवस जवळजवळ उपाशी राहिलेले. अशा शरीराला एकदम भरपूर अन्न मिळाले तर रक्तातले फॉस्फरस, पोटॅशियम झपाट्याने घसरून हृदयावर ताण येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी कैद्यांमध्ये हे दिसले होते. अशांना रक्ततपासणीखालीच खायला द्यावे.

गव्हाने वारंवार जुलाब, वजन घटणे, रक्त कमी होणे असा त्रास होणारे. यांनी गहू परस्पर बंद करू नये. सिलिअॅक या आजाराची रक्ततपासणी गहू खात असतानाच खरे उत्तर देते. साधारण सहा आठवडे रोज गहू पोटात जायला हवा. त्रास फार होत असेल तर हे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावे.

दुधाने किंवा गव्हाने अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, धाप लागणे असे ज्यांना पूर्वी झाले, त्यांनी घरी प्रयोगच करू नये. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया आणि लहान मुले यांना असले पथ्य मुळात लावू नये. शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, गिळताना अडकणे ही लक्षणे असतील तर वही बाजूला ठेवून दवाखाना गाठावा.

सहा आठवड्यांनंतर बहुतेकांचे ताट पूर्वीसारखे भरलेले असते. फार तर एखादा पदार्थ बाहेर राहतो. त्या एकासाठी दहा सोडण्याचे कारण नाही. तरीही प्रत्येक घासाला भीती वाटत असेल, लग्नकार्याला जाणे टाळावेसे वाटत असेल, तर तेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. अन्नाची भीती हाही एक त्रास आहे आणि तो बरा होतो. ज्वारीची भाकरी आणि वाटीभर ताक यांच्यावर आपल्या कित्येक पिढ्या पोसल्या. त्यांना शत्रू ठरवण्याआधी पुरावा मागावा.