वारसावस्त्राचे मूळ : देवगाव रंगारीच्या संदर्भात एक पद्धतिविचार

प्रस्तावना
छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील देवगाव रंगारी या गावाच्या नावात व्यवसायाचा निर्देश आहे. सूत व कापड रंगविणारा कारागीर म्हणजे रंगारी. त्यामुळे एखाद्या घरात पिढ्यानपिढ्या जपलेले लुगडे, शेला वा पागोटे ‘देवगावचेच’ म्हणून सांगितले गेल्यास नवल नाही. तथापि स्थलनाम हा शोधाचा आरंभबिंदू होय, पुरावा नव्हे.

‘मूळ’ या संज्ञेची व्याप्ती
वस्त्राचे विणकाम, रंगकाम व खरेदी ही तीन वेगवेगळ्या ठिकाणी घडू शकतात. पैठणीचे रेशीम आधी रंगवून मग विणले जाते. म्हणजे रंगाऱ्याचा हात विणकराच्या आधी लागतो. याउलट, विटलेले पागोटे वा लुगडे रंगाऱ्याकडून पुन्हा रंगवून घेतले जाई. अशा वेळी रंग कापडाहून अर्वाचीन असतो. म्हणून प्रत्येक टप्प्याचा स्वतंत्र विचार आवश्यक ठरतो.

रंगाची साक्ष
विल्यम पर्किन याने १८५६ मध्ये पहिला कृत्रिम जांभळा रंग शोधला. १८६८ मध्ये अलिझरीन हा लाल रंग प्रयोगशाळेत तयार झाला आणि १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. एखाद्या धाग्यात कृत्रिम अलिझरीन आढळल्यास त्याचे रंगकाम १८६८ पूर्वीचे असू शकत नाही. उलट निष्कर्ष मात्र काढता येत नाही. वनस्पतिज रंग त्यानंतरही वापरात राहिले. नैसर्गिक व कृत्रिम निळीतील मुख्य रंगद्रव्य एकच असल्याने केवळ निळ्या रंगावरून काळ ठरविणे धोक्याचे आहे.

लिखित व मौखिक साधने
१९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. घरातील जुन्या वहीत किंमत हाली रुपयांत नोंदलेली असल्यास व्यवहार संस्थानी चलनात झाला, असे अनुमान करता येते. नोंदीतील फसली सनात सुमारे ५९० मिळविल्यास इसवी सन येतो. उदाहरणार्थ, फसली १३१० म्हणजे इ.स. १९००-०१. जुन्या वह्यांसाठी मोडी लिपीचे ज्ञान हवे. वस्त्र कोणी, कोणत्या प्रसंगी आणले याविषयीची कुटुंबातील आठवण जशीच्या तशी नोंदवावी. परंतु वस्तूच्या परीक्षणाशी ती ताडून पाहिल्याखेरीज निर्णय देऊ नये.

निष्कर्ष
कालनिश्चितीला कायदेशीर महत्त्वही आहे. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमानुसार किमान शंभर वर्षे जुनी कलाकुसरीची वस्तू ‘पुरावशेष’ ठरू शकते व खासगी व्यक्तीस ती परदेशी पाठविता येत नाही. दुसरीकडे, जरीतील चांदीसाठी जुनी वस्त्रे विकली व जाळली जातात. तेव्हा कापडाबरोबर रंग, वीण व डागडुजी यांची साक्षही नष्ट होते. म्हणून इतिहास, रसायनशास्त्र व मराठी या विभागांनी एकत्रितपणे परिसरातील वारसावस्त्रांची छायाचित्रे, मोजमापे व कौटुंबिक कथन यांची नोंद करणे निकडीचे आहे. वस्त्र मालकाच्याच घरी राहावे. त्याची माहिती मात्र संशोधनास उपलब्ध व्हावी.